रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठतंय आणि गोळी नकोय, मग करायचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाच महिने झाले, रोज संध्याकाळी अंगावर गांधी (लाल, खाजणारे फुगीर चट्टे) उठतात, सकाळपर्यंत जातात, सेट्रीझीन ही ॲलर्जीची गोळी घेतली की एक दिवस बरं आणि परत तेच. आता गोळ्या नकोत, काहीतरी नॅचरल सांगा म्हणताय. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा सुरू करायला सांगितलाय आणि कुणीतरी वांगं, शेंगदाणे, तूरडाळ, दही, अंडी, मासे सगळंच बंद केलंय. मी स्वतः आयुर्वेदाचाच डॉक्टर, बेळगावात प्रॅक्टिस, खानापूर-जांबोटीपासून निपाणीपर्यंतचे पेशंट येतात आणि ह्यातली निम्मी वाक्यं मला रोज ऐकायला मिळतात, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तुमचा हा त्रास आता नेहमीच्या ॲलर्जीच्या खात्यात बसत नाही. सहा आठवड्यांच्या आत जे जातं त्यात व्हायरल ताप, एखादं अँटिबायोटिक, एखादा मासा, काहीतरी सापडतं तरी. सहा आठवडे ओलांडून जवळजवळ रोज उठायला लागलं की ते क्रॉनिक अर्टिकेरिया, म्हणजे जुनाट पित्त, आणि त्यात बहुतेक जणांना बाहेरचं कारण नसतंच. कातडीत मास्ट सेल म्हणून पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामिन भरलेलं असतं, आपल्याच शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी त्या पेशींना भडकवतात, हिस्टामिन बाहेर पडतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, गांध उठते आणि खाज सुटते. बायकांत हे पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतं आणि थायरॉइडचा ऑटोइम्युन (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा) त्रास असलेल्यांत जास्त. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड उतरतं, कारण "कशामुळं ओ डॉक्टर?" ह्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, वांगं म्हणा, शेंगदाणा म्हणा, पण काहीतरी नाव घ्या. आणि नाव घेणारा भेटला की तोच हुशार. अंगावरचं पित्त म्हणजे पोटातलंच पित्त असं धरून रोज उपाशीपोटी गॅसची गोळी घेणारेही पुष्कळ आहेत, त्या गोळीचा ह्या गांधींना उपयोग नाही.

हा आजार बहुतेकांचा आपणहून जातो. कुणाचा वर्षाच्या आत, कुणाला दोन-चार वर्षं लागतात, थोड्यांना त्याहून जास्त, पण जातो. त्यामुळं होतं काय, की जायच्या वेळेला ज्याचं औषध चालू असतं त्याला यश मिळतं. कुणी म्हणतं काढ्यानं गेलं, कुणी म्हणतं अमुक गावच्या बाबांच्या पुडीनं गेलं, कुणी वांगं सोडल्यामुळं. म्हणून कुठलाही उपाय ऐकला की त्यानं बरं होतं का एवढंच विचारू नका, त्यानं नुकसान काय होऊ शकतं हे आधी विचारा, कारण बरं तुम्ही तसंही होणारच आहात.

आता खाण्याचं. खऱ्या फूड ॲलर्जीत तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत रिॲक्शन येते आणि दर वेळेला येते. तुम्ही शेंगदाण्याची चटणी वर्षानुवर्षं भाकरीबरोबर खाताय, दुपारी खाल्ली तर काही नाही आणि गांधी उठतात त्या मात्र संध्याकाळी, मग तो शेंगदाणा नाही. वांगं, तूरडाळ तशीच. पाच महिने डाळ, दही, अंडी बंद ठेवून बायकांचं हिमोग्लोबिन किती उतरतं ते मी बघतो, आणि पित्त असतं तिथंच असतं. बंद केलेलं सगळं एकेक करून परत सुरू करा. ज्या पदार्थावर लगेच आणि प्रत्येक वेळी उठतंय तेवढाच सोडा. काही जणांना फार आंबवलेलं, पॅकेटमधलं रंग-प्रिझर्व्हेटिव्हवालं, किंवा दारू ह्यानं जास्त होतं हे खरंय. तसं वाटत असेल तर दोन-तीन आठवडे साधी भाकरी, भात, ताजी भाजी एवढ्यावर राहून बघा, फरक नाही पडला तर सोडून द्या तो नाद, आयुष्यभर व्रत करू नका. रक्ताच्या एका टेस्टमध्ये शंभर-दोनशे पदार्थांची ॲलर्जी सांगणारे रिपोर्ट घेऊन लोक येतात, त्यातल्या आयजीजी नावाची अँटिबॉडी मोजणाऱ्या रिपोर्टला तर काहीच अर्थ नाही, तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच त्यातनं कळतं, आणि त्यासाठी हजारो रुपये भरायची गरज नव्हती.

माशांबद्दल मात्र एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडं गोव्याकडनं, कारवारकडनं बांगडा-तारली येते आणि वाटेत बर्फ कमी पडला की घोळ होतो. ह्या माशांत हिस्टिडीन नावाचा प्रोटीनचा घटक भरपूर असतो, मासा गरम राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, शिजवून जात नाही. जेवल्यावर थोड्या वेळात तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगावर चट्टे, आणि ताटावर बसलेल्या दोघा-तिघांना एकदमच. ती माशाची ॲलर्जी नव्हे, तो मासा खराब होता. असा एकदा झालेला प्रकार घेऊन लोक दहा-दहा वर्षं मासे सोडतात. ताजा, बर्फातला मासा आणा आणि खा की.

मग शोधायचं काय? कारण सापडलं नाही तरी भडकवणारी गोष्ट सापडू शकते, आणि माझ्या मते नॅचरल उपायांत सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. एक नंबरला पेनकिलर. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधनं ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनवाली गोळी घेतली जाते, आणि क्रॉनिक पित्तवाल्यांत साधारण चार-पाचांतल्या एकाला त्यानं वाढतं. पेशंटला विचारलं औषध काय चालू आहे तर म्हणतात काही नाही, कारण गुडघ्याची गोळी त्यांच्या हिशोबात औषधच नसते. दुखलं तर पॅरासिटॅमॉल घ्या, ती सहसा चालते. आणि घरात कुणाला बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल आणि गांधी नाहीत, खाज नाही, पण ओठ किंवा जीभ मधनंच सुजते, तर ती गोळी संशयित, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, घरच्या घरी आमसूल लावत बसू नका.

दुसरं, दाब आणि घासणं. गांधी परकराच्या नाडीखाली, ब्लाऊजच्या काठाला, पिशवी अडकवलेल्या हातावर जास्त उठतात का बघा. मी टेबलावरच एक साधी टेस्ट करतो, पेनाच्या टोपणाच्या बोथट टोकानं हातावर जरा दाबून एक रेघ ओढतो आणि गप्पा मारत बसतो. पाच-दहा मिनिटांत काहींची ती रेघ लाल होते, मग दोरीसारखी फुगून वर येते, बोट फिरवलं तर हाताला लागते. पेशंटच दचकतो. ह्याला डर्मोग्राफिझम म्हणतात. अशांना नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक, सैल सुती कपडे, आंघोळीला घासणी बंद, टॉवेलनं घासायच्या ऐवजी टिपून घेणं, एवढ्यानंसुद्धा बराच फरक पडतो, आणि ह्याला एक पैसा खर्च नाही.

तिसरं, गरमी आणि घाम. बेळगावात आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रनिंग करतात, त्यांतली काही येतात, पळायला लागलं की छातीवर-पाठीवर मोहरीएवढ्या बारीक पुळ्या उठतात आणि टोचल्यासारखी खाज, थांबलं की तासाभरात साफ. पोरगं घाबरलेलं असतं की मेडिकलमध्ये काढतील. शरीर तापलं की उठणारा हा प्रकार, कडक पाण्याची आंघोळ, तिखट रस्सा, राग आला तरी उठतो. रोज थोडाथोडा व्यायाम वाढवत नेला तर बऱ्याच जणांना सवय होते, पण श्वास अडकत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर, मग पळणं.

चौथं थंडी. आयुर्वेदात ह्या आजाराला शीतपित्त म्हणतात आणि कारणांत थंड वारा पहिला सांगितलाय. पावसात भिजत जांबोटीकडनं गाडीवर आलं आणि उघड्या हातांवर-गालांवर चट्टे, हे इकडं सर्रास. बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाच मिनिटं हातावर धरायचा, काढल्यावर दहा मिनिटांत त्या आकाराची गांध उठली तर थंडीचंच. अशा माणसानं विहिरीत किंवा मलप्रभेत एकदम उडी मारायची नाही, अख्खं अंग एकदम गार झालं की बीपी पडून पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. ही गोष्ट थट्टेवारी घेऊ नका, जत्रेला नदीवर आंघोळीला जाता तेव्हा तर नाहीच.

तुमचं संध्याकाळी वाढतंय ह्याचं मात्र फार मनावर घेऊ नका, पुष्कळांचं संध्याकाळी आणि रात्रीच जास्त असतं.

आता घरगुती उपाय. आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लावायचं हे आपल्याकडं घरोघरी आहे आणि मी त्याला कधी नाही म्हणत नाही, गार लागतं, खाज थोडा वेळ बसते, नुकसान काही नाही, फक्त नखानं ओरखडलेल्या कातडीवर झोंबतं. नुसता गार पाण्याचा ओला पंचा दहा मिनिटं ठेवला तरी जवळजवळ तेवढंच काम होतं (थंडीनं उठणाऱ्यांनी सोडून). कॅलामाइन लोशन चालेल. आंघोळ कोमट पाण्यानं, साबण कमी, आणि नंतर ओलसर अंगावरच खोबरेल तेल, कारण कोरडी कातडी जास्त खाजते आणि खाजवलं की अजून गांधी. खायचा सोडा अंगाला चोळू नका, कातडी अजून कोरडी होते. ओवा-गूळ खायचा असेल तर खा, चिमूटभर ओव्यानं कुणाचं काही बिघडत नाही, शुगर असेल तर गूळ नको. हरिद्राखंड हे आमच्यातलं हळदीचं जुनं औषध, मी काहींना देतो, थोड्यांना बरं वाटतं, पण त्यात साखर भरपूर असते हे डायबेटीसवाल्यांना कुणी सांगत नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, गोळीच्या जोडीला त्यानं गांधी थोड्या कमी झाल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलंय. झोप आणि टेन्शनचा भाग खरा आहे, सासरी भांडण झालं की त्या आठवड्यात हमखास वाढतं, पण "तुझ्या डोक्यातलंच आहे" असं पेशंटला म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. प्राणायामानं झोप सुधारते, म्हणून करा, आजार जाईल म्हणून नको.

गुळवेलीचं जरा नीट वाचा. तुमचा आजार रोगप्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळं झालेला नाही, ती नको तिथं काम करायलीय म्हणून झालाय, मग ती वाढवायचा काढा कशाला? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयानं म्हटलं की ती नीट ओळखली नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ पेशंटांचा अभ्यास आला, त्यातही लिव्हरचाच त्रास. वाद चालू राहू दे, पण ज्यांना थायरॉइडसारखा ऑटोइम्युन आजार आहे त्यांनी कंपाउंडावरची वेल तोडून रोज काढा प्यायचं काही कारण नाही. मी तुम्हाला देणार नाही. हळदीचंही तसंच, आमटीतली हळद, दुधातली हळद निर्धास्त घ्या, पण मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या (हळदीतल्या अर्काच्या) कॅप्सूल वेगळ्या, त्यानंसुद्धा लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. नॅचरल म्हणून निरुपद्रवी असं असतं तर बिब्बा कुणाला उतला नसता. खानापूर-चंदगडकडच्या लोकांना बिब्ब्याचं आणि काजूच्या टरफलाच्या तेलाचं वेगळं सांगायला नको.

सगळ्यात वाईट म्हणजे बिनलेबलची पुडी. बाजारच्या दिवशी कुणीतरी देतो, दोन दिवसांत पित्त गायब, अंगावर तेज, भूक जोरात. एवढ्या झटपट काम करणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. दोन-तीन महिन्यांनी तोंड गोल सुजतं, बीपी चढतं, शुगर लागते. अशी पुडी कुणाची चालू असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका, ते अजून धोक्याचं, पुडीसकट डॉक्टरकडं जा आणि हळूहळू कमी करून घ्या.

आता तुम्हाला नको असलेली गोष्ट, गोळी. तुमची गोळी काम करत नाही असं नाही, तुम्ही ती चुकीच्या पद्धतीनं घेताय. गांधी उठल्या की गोळी, बसल्या की बंद, म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं. हिस्टामिन बाहेर पडायच्या आधी गोळी तिथं हजर पाहिजे, म्हणून रोज, ठरलेल्या वेळेला, गांधी असोत नसोत. सेट्रीझीन, लिव्होसेट्रीझीन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टिन ह्या नव्या पिढीतल्या, झोप कमी आणणाऱ्या. एव्हिलसारखी जुनी गोळी रोज घेऊन गाडी चालवू नका. दोन ते चार आठवड्यांत एका गोळीनं भागलं नाही तर डॉक्टर डोस दुप्पट, गरज पडली तर चौपटीपर्यंत वाढवतात, आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येच तसं आहे, पण हे मनानं करायचं नाही, किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल तर अजिबातच नाही. एवढ्यानंही नाही बसलं तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन असतं, चार आठवड्यांतनं एकदा ३०० मिलिग्रॅम, महाग आहे पण बऱ्याच जणांना छान लागू पडतं. त्यासाठी कातडीच्या स्पेशालिस्टकडं जावं लागेल, बेळगावातल्या बिम्स हॉस्पिटलमध्ये दाखवा नाहीतर केएलई हॉस्पिटलात.

टेस्ट फार लागत नाहीत. रक्ताच्या साध्या टेस्ट सीबीसी, ईएसआर किंवा सीआरपी, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये थायरॉइडसाठी टीएसएच आणि अँटी-टीपीओ बघून घ्यावं. शेतात अनवाणी काम असेल तर जंताची गोळी एकदा घ्यायला हरकत नाही, गरोदर नसाल तर. अजून एक तुम्ही आजच करू शकता. एका गांधीभोवती बॉलपेननं गोल काढा, वेळ लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. २४ तासांत ती गांध तिथनं गेली तर नेहमीचं पित्त. गोलात तशीच राहिली, खाजेपेक्षा दुखायलीय, आणि जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर ते रक्तवाहिनीच्या सुजेचं असू शकतं, त्याला बायोप्सी (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणं) लागते, त्यात गोळ्या बदलत वेळ घालवू नये.

तुम्ही शेवटी नाकाचंही विचारलंय, सकाळी उठल्याबरोबर शिंका. हे मात्र खरोखर ॲलर्जीचं असू शकतं, आणि इथं घरगुती उपायांना जास्त वाव आहे. आपल्याकडच्या ओल्या हवेत वाकळ-गाद्यांत धुळीचे बारीक किडे भरपूर वाढतात, उशीचे अभ्रे, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, वाकळ उन्हात टाकून झटका, झटकायचं काम ज्याला शिंका नाहीत त्याला द्या. जलनेती चांगली, अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालायचं नाही. बांधावरचं काँग्रेस गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं बांधून. त्या गवतानं मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खळीत जो खरबरीत काळपट इसब येतो त्याला लोक पित्तच म्हणतात, पण तो आठवडेच्या आठवडे टिकतो आणि त्याचा इलाज वेगळा. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत, विड्यांच्या कामात असणाऱ्या बायकांनाही धुळीनं नाक-डोळे चालू असतात, तिथं मास्क आणि घरी आल्या आल्या कपडे बदलणं हे कुठल्याही काढ्यापेक्षा मोठं औषध.

मुलीला लागेल का म्हणून वेगळ्या टॉवेल-चादरी ठेवल्यात म्हणालात, त्याची गरज नाही, हा संसर्ग नव्हे. जवळ घेऊन झोपा तिला.

गांधींबरोबर घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली, उलट्या झाल्या, डोळ्यापुढं अंधारी आली तर १०८ ला फोन, आडवं झोपवून पाय वर, धाप असेल तर बसवून ठेवा. तिथं पहिलं औषध मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिन. नुसतं एव्हिल आणि डेक्सा ह्या स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील तर स्पष्ट विचारा, ॲड्रिनलिन दिलं का म्हणून.

आणि गोळी कधी बंद करायची? गांधी पूर्ण थांबल्यावर लगेच नाही, काही महिने एकही गांध नाही असं जाऊ दे, मग डॉक्टरला विचारून डोस पायरीपायरीनं कमी. सेट्रीझीन, लिव्होसेट्रीझीन बरेच महिने रोज घेऊन एकदम सोडली की काही थोड्या लोकांना भयंकर खाज सुटते, अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध नियामक संस्थेनं मे २०२५ मध्ये तसा इशाराच दिलाय. ती खाज म्हणजे आजार परत आला असं समजून घाबरू नका, डॉक्टरला सांगा, गोळी परत सुरू करून ते हळूहळू उतरवतील.